गांगडू

ॲबीडेल रोडवर, सायकलवाला आणि जुन्या दिव्यांचं दुकान
यांच्या मधोमध एक अरुंद दार आहे.
नोव्हेंबरात त्यातून वास आला
आणि मी फुटपाथवरच थबकले, काखेत लीकची जुडी.
मागून एक बाई म्हणाली, सॉरी लव्ह,
आणि वळसा घालून गेली.

भाजलेल्या तांदळाचा वास. शेफिल्डमध्ये.
ओल्या दगडांच्या, चिप्सवरच्या व्हिनेगरच्या या गावात
कुणीतरी वाळू तापवली होती, असं वाटलं.

वाळू नव्हती. फुमिए होती, साठीची, चष्मा कपाळावर,
सपाट तव्यात न सडलेला तांदूळ हलवत.
तयार मिळतो, म्हणाली, पण शिळा. म्हणून थोडा थोडा घरीच.
हिरव्या पत्तीत मिसळायचा, निम्मं-निम्मं.
तिने वाडगा पुढे केला.
मी दाणे मुठीत घेऊन कानाशी खळखळवले.
ती बघत राहिली. मग म्हणाली,
तुमच्या घरी हे काम होतं.

होतं. बार्शीला, मंडईच्या मागच्या अंगाला.
बाबा तापल्या वाळूवर एकच दाणा टाकायचे.
उडाला, तर घाणा घालायचा.
नाही, तर आणखी दोन मुठी भुसा.
शाळेत मी सांगायचे, आमचं किराणा दुकान आहे.
वेणीतून वाळू मात्र बाकावर सांडायची.

आता मी पोलादाच्या भट्ट्यांचं तापमान मोजते.
थर्मोकपल, आलेख, सही.
काटा जरा ढळला की डेरेक खालून ओरडतो.

पहिल्या दिवशी तो चहा मी उकळला. हाताची सवय;
आलं ठेचलं, दूध, साखर.
जे झालं ते बेसिनलाही गिळवेना.

मग फुमिएचं नीट ऐकलं:
पाणी उकळलं की थांब. ऐंशीवर येऊ दे.
एक मिनिट. ढवळू नको.
शेवटचा थेंब पडेपर्यंत चहादाणी वाकडी धर.
पंधरा दिवस मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर
मोज्यात गुंडाळून घरी आणत होते.
रविवारी त्याची बॅटरी गेली.

झाकण काढलं. वाफ आधी तरातरा वर,
मग रेंगाळली, भांड्याच्या काठाकाठाने फिरू लागली.
मी पाण्यात एकच दाणा टाकला.
का, ते माहीत नाही; पाण्यात दाणा उडत नसतो.
तो तळाशी बसला. मी म्हटलं, आता.

वर गवत, खाली भाताच्या पातेल्याची खरवड,
करपण्याच्या एक क्षण अलीकडची.
दुसऱ्या घोटाआधीच फोन लावला.

चहात तांदूळ? म्हणजे भेसळ की गं.
हो. पत्ती महाग म्हणून गरिबांनी भर घातली, असं सांगतात.
बाबा हसले,
आयुष्यभर मापट्याने मोजलेला माणूस हसतो तसे.
लाह्या किती फुटल्यात?
शेकडा पाच-सात. बाकी सगळे गांगडू.
मग भट्टी कच्ची.
नाही बाबा, ते मुद्दाम ठेवतात. चव त्यांचीच आहे.

पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
आमचे गांगडू पत्र्याच्या वेगळ्या डब्यात जायचे, कोंबड्यांसाठी.
आणि पाहुणे आले की कोपऱ्यात न बोलता बसणाऱ्या मला
त्याच नावाने हाक असायची.

किलोला काय भाव?
मी निम्मा सांगितला.
तरी म्हणाले, आई गं.

दुसरं पाणी घातलं, जरा जास्त कढत.
मग उरलेला चोथा चिमूटभर मीठ लावून खाल्ला,
पत्तीसकट, बेसिनपाशी उभ्यानेच.
दाताखाली कचकन काहीतरी आलं.
वाळू नसणार.
जिभेने चाचपलं: एक दाणा,
दोन पाण्यांनंतरही न भिजलेला.